मासळी गेली कुठे? नॉर्वेच्या एका मत्स्यसंचालकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मत्स्यदुष्काळ हा शब्द कोकणातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतोच. तो आला की दोष कुणाचा याची यादीही पाठोपाठ येते. पर्ससीनवाले (थव्याला वेढून खालून आवळायचे मोठे जाळे वापरणारे), परराज्यातले ट्रॉलर, एलईडीचे दिवे, खाडीत सुटणारे कारखान्यांचे पाणी, बदललेला पाऊस. यातले प्रत्येक कारण खरे असू शकते. पण कोणाचा वाटा किती, असे विचारले की बैठकीत शांतता पसरते. त्या शांततेसाठीच मी हे प्रकरण निवडले आहे. नॉर्वेच्या एका सरकारी अधिकाऱ्याला हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पडला होता आणि त्याने तो आयुष्यभर सोडला नाही.

अधिकाऱ्याचे नाव योहान यॉर्ट. जन्म १८६९ चा, आजच्या ऑस्लो शहरातला. वडील डोळ्यांचे डॉक्टर. मुलानेही वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, पण तो सोडून तो प्राणिशास्त्राकडे वळला आणि शिकायला म्युनिकला गेला. परतल्यावर मासेमारीच्या संशोधनात शिरला. १९०० मध्ये नॉर्वेच्या मत्स्य प्रशासनाच्या नव्या मंडळावर आला आणि १९०६ ते १९१६ अशी दहा वर्षे बर्गन शहरात बसून देशाचा मत्स्यसंचालक म्हणून काम केले. खुर्ची सरकारी होती, पण वर्षातला बराच काळ तो बोटीवर असे.

त्या काळचा नॉर्वे हा मासळीवर जगणारा गरीब देश होता. उत्तरेला लोफोटेन बेटांवर हिवाळ्यात कॉड हा मोठा मासा यायचा, पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा सरता सरता हेरिंग यायची. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा, पण थंड पाण्यातला, आकाराने मोठा आणि दीर्घायुषी. अंडी घालायला तिचे थवे किनाऱ्याला लागत आणि त्यांच्या जोरावर हाऊगेसुंडसारखी गावे उभी राहिली. १८७० च्या सुमारास हीच हेरिंग पश्चिम किनाऱ्यावर येईनाशी झाली. वीसेक वर्षे ती अशीच रुसून राहिली. खारवणाऱ्यांची गोदामे रिकामी, पिंपे करणारे कारागीर बेकार, आणि मग १८९० च्या दशकात थवे पुन्हा आले. का गेले आणि का आले, कुणालाच सांगता येईना.

अडचण

लोकांना कारण हवे होते. मासळी गेली की घरात उसनवारी सुरू होते, बोटीचे हप्ते थकतात. अशा वेळी ‘निसर्गाची मर्जी’ हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही. उत्तरेकडच्या फिनमार्क प्रांतातल्या मच्छीमारांनी आपले कारण ठरवलेही होते: देवमासे. देवमासे कॅपेलिन नावाच्या बारीक मासळीला किनाऱ्याकडे रेटतात, तिच्यामागून कॉड येतो, आणि कॉड आला की आमचे पोट भरते. मग भाले डागणाऱ्या कंपन्यांनी देवमासे मारून संपवले, तर कॉड किनाऱ्याला येईल कसा? त्यात देवमाशांच्या कारखान्यांची दुर्गंधी आणि समुद्रात सोडलेली घाण भर घालत होतीच.

यॉर्टने या भागात जाऊन तपास केला आणि १९०२ मध्ये अहवाल दिला. देवमाशांमुळे कॉड किनाऱ्याला येतो याला त्याला पुरावा सापडला नाही. त्याआधी गेओर्ग ओसियन सार्स या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचेही मत साधारण हेच होते.

पुढच्याच वर्षी फिनमार्कमध्ये मासेमारी बसली. ध्रुवाकडून सीलचे कळप किनाऱ्यापर्यंत आले होते आणि जाळ्यात येणारा थोडाफार कॉडही किडकिडीत होता. त्याच्या यकृतात तेलच नव्हते. १९०३ च्या जूनमध्ये, सुरुवातीच्याच दिवसांत, मेहाम्न या गावी जमलेल्या मच्छीमारांनी देवमाशांचा कारखाना दोरखंड लावून पाडला. सरकारने सैनिक पाठवले. आणि १९०४ पासून उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर दहा वर्षे देवमाशांच्या शिकारीला बंदी आली.

या टप्प्यावर मी नेहमी थांबतो. अधिकाऱ्याचा अहवाल शास्त्राच्या दृष्टीने प्रामाणिक होता. तरीही तो ज्यांच्यासाठी लिहिला त्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ‘देवमासे कारण नाहीत’ एवढेच त्यात होते. मग कारण काय, याची जागा कोरी होती. आणि कोरी जागा फार काळ कोरी राहत नाही.

समोरचे पर्याय

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यॉर्टपुढे साधारण चार वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे लोकांना जे हवे ते करणे: बंदी घालणे, कुणाला तरी दोषी ठरवणे. ती वाट संसदेनेच धरली.

दुसरी वाट मोहक होती. दक्षिण किनाऱ्यावर आरेंडालजवळ फ्लोडेविगन येथे गुंडर दानेविग नावाच्या जुन्या जहाजी कप्तानाने १८८० च्या दशकात कॉडची अंडी उबवणारे केंद्र उभारले होते. तिथून दरवर्षी कोट्यवधी नवजात पिल्ले फ्योर्डमध्ये, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या खोल, अरुंद खाड्यांमध्ये, सोडली जात. मासळी कमी झाली तर आपण समुद्रात मासळी पेरू, ही कल्पना कुणालाही आवडेल अशीच. तिला लोकांचा पाठिंबा होता, पैसा होता, आणि दाखवायला टाक्याही होत्या. यॉर्ट आणि त्याचा सहकारी क्नुट डाल यांना मात्र शंका होती. सोडलेल्या पिल्लांतली जगतात किती? १९०४-०५ मध्ये दोन्ही बाजूंनी मिळून फ्योर्डमधल्या कॉडच्या पिल्लांची मोजणी केली. त्यातून एवढेच कळले की पिल्लांची संख्या निसर्गतःच वर्षावर्षाला आणि ठिकाणाठिकाणाला इतकी बदलते, की त्या चढउतारात केंद्राचा वाटा वेगळा काढताच येत नाही. यॉर्टच्या बाजूने अर्थ काढला की परिणाम दिसत नाही. दानेविगने अर्थ काढला की केंद्राचा फायदा होतो. पिल्ले सोडण्याचे काम त्यानंतरही चालूच राहिले, थेट १९७१ पर्यंत.

तिसरी वाट नवी मासळी आणि नव्या जागा शोधण्याची. ही यॉर्टने मनापासून धरली. १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्याने खोल पाण्यातल्या कोळंबीचे थर शोधून दाखवले आणि त्यातून नॉर्वेची कोळंबीची मासेमारी उभी राहिली. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या कामाला जो विश्वास मिळाला त्याचे मूळ इथे आहे. ज्या माणसाने पाटीभर कोळंबी दाखवली, त्याने आकडे दाखवले तर लोक निदान ऐकून घेतात.

चौथी वाट सगळ्यांत लांबची. मासळीची जनगणना करायची.

काय केले

१९०० मध्ये ‘मिखाएल सार्स’ हे संशोधनासाठी बांधलेले वाफेचे जहाज पाण्यात उतरले. इंग्रजी स्टीम ट्रॉलरच्या धर्तीवर ते बांधले होते, म्हणजे खुल्या समुद्रात खरे जाळे ओढू शकेल असे. दोन वर्षांनी, १९०२ मध्ये, उत्तर युरोपातल्या देशांची समुद्र संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद कोपनहेगनला स्थापन झाली. परिषदेने कामाची विभागणी केली. एक समिती माशांच्या स्थलांतराचा अभ्यास करणार, दुसरी उत्तर समुद्रातल्या अतिमासेमारीचा. यॉर्टकडे स्थलांतराची समिती आली. हा बारीक तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे मोल कळेल.

तोवर सगळ्यांची समजूत अशी होती की हेरिंगचे थवे कधी इकडे तर कधी तिकडे जातात, एकूण मासळी साधारण तेवढीच राहते. म्हणून प्रश्न ‘गेली कुठे’ असाच विचारला जाई. यॉर्टने प्रश्न बदलला. देशाची लोकसंख्या कशी समजून घेतात? जन्म किती, कोणत्या वयाचे किती, आले-गेले किती. मग हेरिंगच्या थव्याला हेच तीन प्रश्न का विचारू नयेत?

वय कळायचे कसे, याचे उत्तर खवल्यात होते. हेरिंगचे खवले नखाएवढे, पातळ आणि पारदर्शक असते. ते पाण्यात धुऊन, चिकटा काढून काचेवर वाळवले आणि भिंगाखाली धरले की कंकणे दिसतात. उन्हाळ्यात अन्न भरपूर, मासा वाढतो, म्हणून रुंद पट्टी. हिवाळ्यात वाढ थांबते, तिथे बारीक रेघ. रेघा मोजल्या की हिवाळे मोजले. झाडाच्या बुंध्यासारखेच. डाल आणि पुढे एइनार लेआ या तरुण सहकाऱ्यांनी हे काम चिकाटीने केले: बंदराबंदरातून नमुने मागवायचे, प्रत्येक माशाचे खवले काढायचे, मोजायचे, तक्त्यात टाकायचे. वर्षामागून वर्षे. आपल्याकडे सरकारी खात्यातल्या अशा कामाला कारकुनी म्हणून नाक मुरडतात. या प्रकरणाचा कणा तीच कारकुनी आहे.

पद्धतीवर आक्षेपही आले. स्कॉटलंडमधले नामवंत प्राणिशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांना खवल्यावरून वय काढणे मान्य नव्हते. वादात उत्तर देण्यापेक्षा यॉर्टच्या गटाने मोजणी चालू ठेवली, आणि शेवटी समुद्रानेच उत्तर दिले.

१९०८ मध्ये पकडलेल्या हेरिंगमध्ये चार वर्षांचे मासे अचानक फार दिसू लागले. म्हणजे १९०४ साली जन्मलेले. पुढच्या वर्षी पाच वर्षांचे सर्वांत जास्त. १९१० मध्ये सहा वर्षांचे, आणि तेही थोडेथोडके नव्हे, एकूण पकडीच्या जवळपास तीन-चतुर्थांश. १९१४ उजाडले तरी निम्म्याहून अधिक मासे त्याच एका सालचे होते, आता दहा वर्षांचे. रेघा वाचण्यात चूक असती तर दरवर्षी नेमकी एकेक रेघ वाढत गेली नसती. आक्षेपाला याहून पक्के उत्तर देता येत नाही.

आणि त्यातून मूळ कोडेही सुटले. हेरिंग कुठे गेलीच नव्हती, कुठून आलीही नव्हती. बहुतेक वर्षी जन्मलेली पिल्ले मोठ्या प्रमाणात मरतात. एखाद्या सालीच ती जगतात, आणि ती एक पिढी दहा-पंधरा वर्षे किनाऱ्याला पोसते. अशी पिढी बराच काळ आली नाही, की मत्स्यदुष्काळ.

काय निष्पन्न झाले

१९१४ मध्ये यॉर्टने उत्तर युरोपातल्या मोठ्या मासेमारींतल्या चढउतारांवर आपला प्रबंध प्रसिद्ध केला. मत्स्यविज्ञानाचा अभ्यास करणारा विद्यार्थी आजही त्यापर्यंत पोचतोच. त्यात त्याने पुढचाही अंदाज बांधला: पिढी जगणार की मरणार हे फार लहान वयात ठरत असावे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाजवळ बलकाची शिदोरी असते. ती संपली आणि त्या दिवसांत समुद्रात त्याच्या तोंडात मावेल एवढे सूक्ष्म अन्न नसले, तर ते उपाशी मरते. किंवा प्रवाह त्याला भलतीकडे वाहून नेतो. या अंदाजावर शंभराहून अधिक वर्षे संशोधन चालू आहे आणि तो अजून पुरता सिद्धही झालेला नाही, टाकूनही दिलेला नाही.

रोजच्या कामातला फायदा लगेच दिसला. नमुन्यात कोणत्या पिढीचा भरणा आहे हे कळले, की पुढची काही वर्षे कशी जातील याचा अदमास बांधता येऊ लागला. ‘यंदा मासळी येईल का’ याला पहिल्यांदाच नवस आणि अनुभव यांपलीकडचे उत्तर मिळाले. पद्धत देशोदेशी गेली. १९१४-१५ मध्ये कॅनडाने आपल्या पूर्व किनाऱ्याच्या तपासणीसाठी यॉर्टलाच बोलावले. १९१६ मध्ये त्याने संचालकपद सोडले. पुढे तो ऑस्लोला प्राध्यापक झाला, आणि उतारवयात त्याने देवमाशांच्या शिकारीची मोजदाद आणि तिला घालायची मर्यादा या कामात स्वतःला जुंपून घेतले. १९३८ पासून १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेचा अध्यक्ष होता.

प्रकरण इथे संपवता आले असते. पण मग ते अर्धेच सांगितले असे झाले असते.

पुढे काय झाले

यॉर्टच्या उत्तराचा गाभा असा, की हेरिंगचे चढउतार निसर्ग ठरवतो. त्याच्या काळात ते खरे होते. तेव्हाच्या बोटी आणि जाळी यांची समुद्रातल्या एकूण हेरिंगपुढे काय मिजास? पण उत्तर त्या काळापुरते आहे ही चिठ्ठी त्याला कुणी चिकटवली नाही.

१९६० च्या दशकात पर्ससीनचे अवजड जाळे ओढायला पॉवर ब्लॉक आला. खलाशांची रांग जे तासन्‌तास करी ते यंत्र करू लागले. ध्वनिलहरींनी मासे हुडकणाऱ्या ‘सोनार’ यंत्रामुळे थवा खोलवर असला तरी सापडू लागला. तेल आणि फिशमील (माशांची भुकटी) करणारे कारखाने हेरिंग मागतच होते, फ्योर्डमधली लहान हेरिंगही त्यांना चालत होती. १९६६ मध्ये नॉर्वे, आइसलंड, सोव्हिएत संघ वगैरे सगळ्यांनी मिळून या एका साठ्यातून जवळजवळ २० लाख टन मासळी काढली. चार-पाच वर्षांत काढायला काही उरले नाही. वर्षानुवर्षे अब्जावधी अंडी घालणारा साठा नाममात्र राहिला.

त्या काळात पकड घसरू लागली तेव्हा ‘हेरिंगचा हा स्वभावच आहे, ती जाते आणि येते’ हे सांगणारे लोक अडाणी नव्हते. त्यांच्याजवळ शास्त्राचा आधार होता, आणि तो यॉर्टच्याच परंपरेतला होता. मला हे लिहिताना वाईट वाटते, कारण त्या माणसाविषयी मनात नितांत आदर आहे.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

कोपनहेगनची ती विभागणी आठवा. स्थलांतर आणि त्यातून पुढे आलेला चढउतारांचा प्रश्न एका समितीकडे, अतिमासेमारी दुसरीकडे. कागदावर सोयीचे होते. पण मासा पिल्लू म्हणून मरतो की जाळ्यात मरतो, हे दोन प्रश्न एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. जन्माची नोंद एका वहीत आणि मृत्यूची दुसऱ्या वहीत ठेवली तर घर चालले आहे की बुडते आहे हे कळणार कसे? हेरिंगच्या बाबतीत मासेमारीने होणारे मरण सुरुवातीपासून त्याच तक्त्यात मांडायला हवे होते, ते कितीही थोडे वाटले तरी. खवल्यांचा तक्ता तयारच होता. त्यातून पिढी वर्षावर्षाला किती वेगाने झिजते हेही वाचता येते, आणि पुढच्या पिढीतल्या शास्त्रज्ञांनी तसे वाचलेही. हेरिंगसाठी ते निर्णय घेणाऱ्यांपर्यंत वेळेत पोचले नाही.

मेहाम्नबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तिथे यॉर्टने अहवाल बदलायला हवा होता असे मुळीच नाही. पण मच्छीमारांच्या तक्रारीत दोन गोष्टी मिसळल्या होत्या. एक म्हणजे कॉड का येत नाही, आणि दुसरी म्हणजे आमच्या दारातला समुद्र परक्या भांडवलाने घाण केला. पहिलीचे उत्तर शास्त्रात होते, दुसरीचे प्रशासनात. दुसरीची दखल वेळेवर घेतली गेली असती, तर पहिलीवरचे ‘नाही’ लोकांनी कदाचित शांतपणे ऐकले असते. आपल्याकडच्या जनसुनावण्यांतही हीच गल्लत होते. माणूस खाडीच्या पाण्याबद्दल बोलत असतो आणि त्याला पकडीच्या आकडेवारीने उत्तर दिले जाते.

उबवणी केंद्राच्या बाबतीत यॉर्ट बरोबर होता, आणि तरीही हरला. पिल्ले सोडताना फोटो काढता येतो. न जगलेल्या पिल्लांचा काढता येत नाही. मोजणीआधीच दोन्ही बाजूंनी लिहून ठेवायला हवे होते, की अमुक आकडा आला तर काम थांबवायचे. तसे काही लिहिलेले नसेल तर एकाच तक्त्यातून दोघेही आपापला विजय वाचतात.

कोकणासाठी हे प्रकरण जसेच्या तसे उचलता येणार नाही. आपल्या समुद्राला हिवाळा नाही, त्यामुळे बांगड्याच्या किंवा तारलीच्या खवल्यावर वर्षाची रेघ तशी स्वच्छ उमटत नाही. इथले शास्त्रज्ञ माशांच्या लांबीच्या मोजमापावरून पिढ्या ओळखतात. शिवाय हेरिंग वीस वर्षे जगू शकते, तारली दोन-अडीच. एक चांगले साल आपल्याला दहा वर्षे पोसणार नाही, आणि एक वाईट साल लगेच पानात दिसते. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, त्यावरून अजूनही बाजू पडलेल्या आहेत. त्या वादात कोण बरोबर हे इथे ठरवायचे नाही. पण बंदराबंदरात, लिलावाच्या वेळी, टोपलीतली बारीक मासळी मोजपट्टीवर ठेवून लांबी लिहून घेणारी माणसे किती आहेत आणि त्यांच्या वह्या कोण वाचतो, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी एकत्र विचारावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नॉर्वेच्या हेरिंगचे पुढे असे झाले. १९७० च्या दशकात मासेमारी जवळपास बंद ठेवली गेली. बोटी मोडीत निघाल्या, माणसे दुसऱ्या कामाला लागली, साठा मात्र वर्षानुवर्षे हलला नाही. मग १९८३ साली उरल्यासुरल्या माशांनी किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावरच्या दगडगोट्यांवर अंडी घातली आणि त्या साली पिल्ले जगली. यॉर्टने खवल्यात पाहिले होते तसेच, एका सालची एक पिढी. या वेळी २५ सेंटिमीटरहून लहान हेरिंग पकडायला मनाई होती. पिढी वाढली, १९८० चे दशक संपता संपता स्वतः अंडी घालू लागली, आणि १९९० च्या दशकात नॉर्वेच्या किनाऱ्यावर पुन्हा हेरिंगच्या बोटी भरून येऊ लागल्या.